घरातला आगमनकाळ : वाचकांचे प्रश्न

आगमनकाळ (ॲडव्हेंट) म्हणजे नाताळच्या आधीचा सुमारे चार आठवड्यांचा तयारीचा काळ. त्याविषयीच्या यंदाच्या पत्रांत मेणबत्त्यांपासून उपासापर्यंत सगळं आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही घरांतून ती आली आहेत, त्यामुळे जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं म्हटलं आहे.

मुलाच्या चॉकलेटच्या कॅलेंडरवर आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू होतो, पण चर्चच्या सूचनापत्रकात २९ नोव्हेंबर छापलंय. बरोबर कोण? (मालाड)

चर्च. नाताळच्या आधीचे चार रविवार मागे मोजायचे. चौथा जिथे पडेल तिथे आगमनकाळाची सुरुवात. हा रविवार ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे प्रेषित अंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळचा असतो. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच येतो आणि आगमनकाळ कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा होतो. २०२३ साली आगमनकाळाचा शेवटचा रविवार थेट २४ डिसेंबरलाच आला होता, सकाळी आगमनाची उपासना आणि रात्री नाताळची. यंदा, २०२६ मध्ये, रविवार आहेत २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर. २४ तारखेपर्यंत एकूण २६ दिवस. चोवीस खिडक्यांचं कॅलेंडर ही छापणाऱ्याची सोय आहे, तेच दरवर्षी विकता येतं. मुलाला खाऊ द्या.

आम्ही दोन खोल्यांत राहतो. गेल्या वर्षी ॲडव्हेंट रीथ केली, म्हणजे हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. पहिली मेणबत्ती तिसऱ्या आठवड्यातच संपली, चौथी जवळजवळ तशीच उरली, ताटभर मेण सांडलं आणि पानं आठ दिवसांत वाळली. काय चुकलं? (विरार)

चारही मेणबत्त्या सारख्या घेतल्या, हे चुकलं. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं लावायच्या ठरवल्या, तर यंदा पहिली २६ दिवस जळेल, दुसरी १९, तिसरी १२ आणि चौथी फक्त ५ दिवस. तासांत सांगायचं तर साडेसहा, पावणेपाच, तीन आणि सव्वा तास. दुकानातून आणलेल्या मेणबत्त्यांपैकी एक जास्तीची अर्धा तास जाळून पट्टीने मोजा. समजा दीड सेंटिमीटर कमी झाली, तर तासाला तीन सेंटिमीटर. पहिलीला जळण्यापुरतेच साडेएकोणीस सेंटिमीटर लागतील आणि चौथीला जेमतेम चार. त्यात वाळूत रोवायला तीन-चार सेंटिमीटर धरा. इतकी उंच मेणबत्ती मिळाली नाही, तर पहिलीच्या जागी त्याच रंगाची दुसरी लावा, त्यात काही बिघडत नाही. किंवा जाड, बुटकी मेणबत्ती घ्या. तिची वात मात्र रोज अर्ध्या सेंटिमीटरवर कापावी लागते, नाहीतर काजळी धरते.

मेण एका अंगाने ओघळतं ते वाऱ्यामुळे. आपल्याकडे डिसेंबरातही पंखा चालू असतो, आणि ज्योत एकीकडे झुकली की त्या बाजूची कड आधी वितळते. ती पंधरा मिनिटं पंखा बंद ठेवा, रीथ खिडकीच्या पडद्यापासून लांब ठेवा. सपाट ताटापेक्षा खोलगट परात बरी: तीन बोटं वाळू भरायची, थोडी ओलसर करायची आणि मेणबत्त्या सरळ रोवायच्या. फुंकर मारून विझवू नका, पातळ मेण उडतं आणि लहान मुलांना ‘हॅपी बर्थडे’ आठवतो. उलटा चमचा ज्योतीवर धरला तरी पुरे.

हिरवळीचं म्हणाल तर आंब्याची आणि अशोकाची पानं तोडल्यावर लवकर मलूल होतात. किनाऱ्याकडे सुरूच्या झाडाच्या फांद्या सहज मिळतात, त्या दिसायलाही छान आणि टिकतातही. पण वाळलेला सुरू चुलीत घालायच्या काटक्यांसारखा भडकतो. म्हणून दर रविवारी हिरवळ बदलायची आणि ज्योत व पान यांत चार बोटं अंतर ठेवायचं. हे नियम घरात मूल असो वा नसो पाळायचे.

रंगांविषयी बऱ्याच जणांनी विचारलंय. कॅथलिक घरांत तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार मानतात. काही अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये निळ्या असतात, जर्मनीत चारही लाल दिसतात. जांभळी मिळाली नाही तर पांढरी लावून परातीच्या कडेला जांभळी फीत बांधा. फीत मेणबत्तीला गुंडाळू नका. चार पणत्या किंवा चार वातींची समई लावली तरी हरकत नाही. या प्रथेची सुरुवातच हाताशी होतं त्यातून झाली: १८३९ साली हॅम्बुर्ग इथे गरीब मुलांसाठी संस्था चालवणारे पाळक योहान हिनरिख विखर्न यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि रोजच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. ‘नाताळ कधी?’ असं रोज विचारणाऱ्या मुलांना दिवस मोजता यावेत, एवढाच हेतू.

मी रात्रपाळी करतो, एकटा राहतो. चर्चला रविवारीही कधी जमतं, कधी नाही. रोज दहा-पंधरा मिनिटांत काय करता येईल? (हिंजवडी, पुणे)

पवित्र शास्त्राचं प्रार्थनापूर्वक वाचन करा. मठांत चालत आलेली ही रीत बाराव्या शतकात गीगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने चार पायऱ्यांत मांडली: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवापुढे बसणं. पंधरा मिनिटांत ती अशी बसते. दोन मिनिटं उतारा सावकाश, ओठ हलवून वाचा. पाच मिनिटं जो शब्द अडला, खटकला किंवा आवडला तेवढाच धरून ठेवा. चार मिनिटं त्यावर देवाशी बोला, तक्रार असेल तर तक्रार करा. शेवटची चार मिनिटं काही बोलू नका. उतारा सहा-आठ ओव्यांपेक्षा (वचनांपेक्षा) मोठा घेऊ नका. मोठा घेतला की माणूस गोष्ट पुढे काय होते ते बघू लागतो.

तुमच्यासाठी पहिल्या आठवड्याचा उतारा मार्कच्या शुभवर्तमानातला, अध्याय १३, ओव्या ३३–३७. प्रवासाला गेलेला घरधनी आणि दारावर बसलेला द्वारपाळ अशी ती गोष्ट आहे. पस्तिसावी ओवी नीट वाचा: धनी केव्हा येईल, संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी, हे ठाऊक नाही. रोमी पहाऱ्याच्या याच चार पाळ्या. बहुतेक लोक त्या झोपेतच काढतात, तुम्ही जागे असता. एक आठवडा हीच एक ओवी घ्या, रोज एक पाळी. रात्री दोनला चहा घेताना मध्यरात्रीची, घरी येताना सकाळची. वेगळा वेळ काढायची गरज नाही.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. फोनवरचं बायबल उघडलं की वरून सूचना टपकतात, त्यामुळे आठवड्याचा उतारा कागदावर हाताने उतरवून खिशात ठेवा. दुसरी, दोन दिवस चुकले की माणूस थकबाकी भरायला बसतो, एका दिवशी तीन दिवसांचं वाचतो, आणि मग सगळंच सोडतो. चुकलेला दिवस गेला. आजचा उतारा वाचा.

व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतं: लूकचे २४ अध्याय, १ डिसेंबरपासून रोज एक, नाताळच्या आदल्या रात्री पूर्ण. चांगलं आहे का? (अहिल्यानगर)

ज्याने लूकचं शुभवर्तमान कधीच सलग वाचलं नाही, त्याच्यासाठी उत्तम. पण याला आगमनकाळाची साधना म्हणायला आम्ही बिचकतो. पहिल्याच दिवशी ८० ओव्यांचा अध्याय येतो, आणि पाळणा सजवायच्या सुमारास, २३ डिसेंबरला, तुम्ही क्रूसावरचा अध्याय वाचत असता. आमच्या मते त्याऐवजी लूकचे पहिले दोनच अध्याय घ्या. ८० आणि ५२ मिळून १३२ ओव्या होतात, २४ दिवसांत रोज पाच-सहा. जखऱ्याची वाचा बंद होते तिथे एक दिवस थांबायला मिळतं, अलीशिबेच्या दारात मरीया येते तिथे एक. बारा वर्षांचा येशू मंदिरात हरवतो तो भाग २४ तारखेला येईल, तेव्हा शेवटच्या बारा ओव्या नाताळनंतरच्या आठवड्यासाठी ठेवा आणि शिमोनाच्या गीताजवळ दोन दिवस जास्त रेंगाळा.

आमच्या वाडीतली सात-आठ घरं आगमनकाळात आठवड्यातून एकदा प्रार्थनेला जमतात. दोन घरं प्रोटेस्टंट आहेत. दरवर्षी तेच होतं: एक काका वीस मिनिटं प्रवचन करतात, तरुण मुलं मोबाइल बघतात, शेवटी सगळे नाताळची गाणी म्हणतात आणि खाणं होतं. बदल कसा करावा? (वसई)

बैठकीला एक तास ठरवा आणि तो पाळा. साडेसातची वेळ म्हणजे साडेसात.

पहिली पाच मिनिटं मेणबत्ती, एक कडवं, आणि सगळे फोन दारापाशी टोपलीत, मोठ्यांचेसुद्धा. मग एकच उतारा तीनदा, तीन वेगळ्या आवाजांत वाचायचा. वाचणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा, त्यात एक तरी शाळकरी मूल असू द्या. पहिल्या वाचनानंतर एक मिनिट शांतता, मग प्रत्येकाने मनात राहिलेला एक शब्द किंवा तुकडा नुसता उच्चारायचा. स्पष्टीकरण नाही. आठ माणसांना दोन-तीन मिनिटं पुरतात. दुसऱ्या वाचनानंतर तीन मिनिटं शांतता आणि एकच प्रश्न: या आठवड्यात माझ्या घरात, कामावर हे वचन कुठे लागू होतं? प्रत्येकी जास्तीत जास्त दोन मिनिटं. ज्याला बोलायचं नसेल त्याने ‘पुढे’ म्हणायचं, कुणी कारण विचारायचं नाही. तिसऱ्या वाचनानंतर प्रत्येकाने एका वाक्यात प्रार्थना करायची, मग आजारी-अडलेल्यांसाठी विनंत्या, प्रभूची प्रार्थना. पन्नास मिनिटांत होतं.

बहुतेक ठिकाणी घोडं शांततेपाशी अडतं. तिसऱ्या मिनिटाआधीच चालवणारा अस्वस्थ होतो, खाकरतो, काहीतरी बोलतो आणि गाणं सुरू करतो. त्यासाठी घड्याळ एकाच्या हातात द्या आणि वेळ संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही हे आधीच सांगून ठेवा. पहिल्या आठवड्यात अवघड वाटेल, दुसऱ्यात लोक वाट बघतील.

काकांना गप्प बसवू नका, काम द्या. उताऱ्याची पार्श्वभूमी, म्हणजे कोण, कुठे, कोणाला लिहिलं, ही त्यांनी पाच ओळींत लिहून दोन दिवस आधी ग्रुपवर टाकावी. ज्ञान वाया जात नाही आणि बैठकीतली वीस मिनिटं वाचतात. दहापेक्षा जास्त माणसं झाली तर दोन खोल्या करा, कारण दोन मिनिटांचा हिशेब तिथे कोसळतो.

दोन परंपरा एकत्र असल्या तरी या चार उताऱ्यांत अडचण नाही. यंदापासून कॅथलिक वाचनमालेचं, म्हणजे चर्चमधल्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्राचं, ‘ब’ वर्ष सुरू होतंय, आणि अनेक प्रोटेस्टंट चर्च वापरतात त्या सुधारित सामायिक वाचनमालेतली आगमनकाळाची शुभवर्तमानं त्याच्याशी जवळजवळ जुळतात: पहिल्या आठवड्यात मार्क १३:३३–३७, दुसऱ्यात मार्क १:१–८, तिसऱ्यात योहान १:६–८ आणि १९–२८, चौथ्यात लूक १:२६–३८. फक्त भाषांतर सगळ्यांच्या हातात एकच असू द्या. तिघे तीन वेगळ्या आवृत्त्या घेऊन बसले की चर्चा शब्दांवर घसरते. त्या-त्या आठवड्याचा उतारा मोठ्या अक्षरांत छापून दिलात तर आजी-आजोबाही वाचतील. माळेची प्रार्थना (रोझरी) करायची असेल तर बैठकीआधी अर्धा तास, ज्यांना यायचं त्यांनी यावं. मरीयेविषयी मतभेद निघाले तर चौथ्या आठवड्याचा उतारा हातात आहेच, तिने दूताला काय विचारलं आणि काय उत्तर दिलं एवढ्यावर थांबा.

नाताळची गाणी २४ च्या रात्रीसाठी ठेवावीत असं आमचं मत आहे, पण त्यावर भांडू नका. खाण्यावर मात्र कडक राहा: चहा आणि एकच जिन्नस. पहिल्या घरी चिवडा असतो, दुसऱ्या घरी चिवडा आणि केक, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत यजमानीणबाई दोन दिवस तळत बसलेल्या असतात आणि बैठकीत त्यांचा डोळा स्वयंपाकघराकडे. चौथी बैठक शक्यतो २० तारखेला रविवारीच घ्या, नंतर सगळे गाण्याच्या सरावात आणि खरेदीत असतात.

आगमनकाळात उपास करावा का? मांसाहार बंद करावा का? (सोलापूर)

कॅथलिक चर्चचे सक्तीचे उपास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी आहेत. आगमनकाळासाठी वेगळा नियम नाही, प्रोटेस्टंट चर्चमध्ये तर हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न. पूर्वी नियम होता: पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूरचे बिशप पर्पेतुउस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास लावून दिला होता. मुंबई-पुण्यातल्या मल्याळी सिरियन ख्रिस्ती घरांत आजही १ ते २५ डिसेंबर असा पंचवीस दिवसांचा नाताळचा उपास पाळला जातो. शेजारी असतील तर विचारून बघा, बरंच शिकायला मिळेल.

आपल्या घरांत डिसेंबर म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा महिना. तळणीच्या वासात पूर्ण उपास धरायचा आणि संध्याकाळी डबा उघडून मोडायचा, याला फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा बुधवार आणि शुक्रवार घ्या. यंदा बुधवार २, ९, १६, २३ आणि शुक्रवार ४, ११, १८, म्हणजे सात दिवस. त्या दिवशी बाहेरून काही मागवायचं नाही, जेवण साधं वरणभाताचं, आणि वाचलेले पैसे डब्यात. दोनशे रुपये धरले तरी चौदाशे जमतात. ते कुणाला द्यायचे हे पहिल्याच बुधवारी ठरवा आणि २४ तारखेच्या आत पोहोचवा. ‘नंतर बघू’ म्हटलं की तो डबा जानेवारीत घरखर्चात जातो. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवण टाळू नये, फक्त बाहेरचं बंद केलं तरी पुरे.

शेवटच्या आठवड्यात महिला मंडळासाठी छोटीशी, रोज करता येण्यासारखी प्रार्थना सुचवा. (नाशिक)

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी सात नावांनी ख्रिस्ताला हाक मारायची. पाश्चात्त्य चर्चच्या सायंप्रार्थनेत ही नावं मरीयेच्या गीताच्या आधी आणि नंतर गातात, शतकानुशतकं. अनुक्रम असा: १७ ला ‘हे ज्ञाना’ (यशया ११:२–३), १८ ला ‘हे प्रभो’, जळत्या झुडपातून मोशेला दिसलेला (निर्गम ३), १९ ला ‘हे इशायाच्या अंकुरा’ (यशया ११:१), २० ला ‘हे दाविदाच्या किल्ली’ (यशया २२:२२), २१ ला ‘हे उदयप्रकाशा’ (लूक १:७८), २२ ला ‘हे राष्ट्रांच्या राजा’ (यिर्मया १०:७), २३ ला ‘हे इम्मानुएल’ (यशया ७:१४).

त्या दिवसाची हाक, तिची ओवी, मग ‘ये’ म्हणून एकच मागणं, आणि ते नावाला धरून. किल्लीच्या दिवशी तुरुंगात, इस्पितळात, वाईट संसारात अडकलेल्यांसाठी. उदयप्रकाशाच्या दिवशी ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलं त्यांच्यासाठी. मग मरीयेचं गीत, लूक १:४६–५५, सगळ्यांनी मिळून म्हणायचं आणि शेवटी पुन्हा तीच हाक. सात-आठ मिनिटं लागतात. जमता आलं नाही तर ठरलेल्या वेळी, समजा सातला, ज्याने-त्याने आपल्या घरी म्हणावं. आवाजी संदेश पाठवत बसू नका, प्रार्थनेचं ध्वनिमुद्रण होतं आणि ऐकायचं राहून जातं.

मुलांसाठी रिकाम्या गव्हाणीत चांगल्या कामाची एक-एक काडी ठेवायची प्रथा सुरू केली. आता धाकटा मोठ्याच्या काड्या मोजतो आणि चहाड्या करतो! (कल्याण)

कुणाची काडी किती हे दिसता कामा नये. पेंढा एका डब्यात ठेवा, जो-तो न सांगता काडी टाकेल. आईवडिलांनीही टाकावी. ‘तू आज काय चांगलं केलंस?’ असं विचारू नका, मुलं गोष्टी रचतात. काडी काढून घेण्याची शिक्षा तर कधीच नको. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीच ठेवायची. तिन्ही ज्ञानी लोकांच्या मूर्तींना गोठ्यात इतक्यात उभं करू नका: त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजवर वगैरे ठेवा आणि मुलांना नाताळनंतर रोज थोडं पुढे सरकवू द्या. कॅथलिक घरांत ते ३ जानेवारीच्या रविवारी पोहोचतील, इतरांकडे ६ तारखेला.

पापनिवेदनाला (कन्फेशनला) केव्हा जावं? दरवर्षी रांग लागते. (भाईंदर)

दुसऱ्या आठवड्यात, ७ ते १२ डिसेंबर. धर्मगुरूंना वेळ असतो आणि तुम्हालाही. १९ नंतर गेलात तर दोघंही घाईत.